शिफ्टवाल्यांची टीम

वेंगुर्ल्याच्या बंदराला मंगलोरी कौलांचं गलबत लागलं की आमच्या घरी दोन वेळा चूल पेटायची. गलबत नसलं तर एकदाच. पावसाळ्यात बंदर बंद असायचं, तेव्हा आई दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जायची आणि आम्ही भावंडं पेजेवर दिवस काढायचो. हे मी कुणाला कीव यावी म्हणून लिहीत नाही. सुरुवात कुठून झाली ते सांगितलं नाही, तर पुढचं सगळं मला आयतं मिळालं असं वाटेल.

माझे वडील कौलं उतरवणाऱ्या टोळीत होते. गलबतापासून वखारीपर्यंत माणसांची रांग लागायची आणि कौलं हातोहात फेकत न्यायची. साऱ्या तालुक्याची घरं कौलारू झाली ती या माणसांच्या हातांनी, आणि त्यांच्या स्वतःच्या घरांवर मात्र गवत आणि झावळं. अंगात ताकद आली तसं वडिलांनी मलाही रांगेत उभं केलं. पहिल्याच दिवशी कौल माझ्या बोटांवर आपटलं आणि फुटलं. वडील ओरडले, "कौलाकडे काय बघतस? देणाऱ्याकडे बघ! आणि हात आडवे धरू नको, कौलाबरोबर मागे ने." बस, एवढंच शिक्षण. कौल हातात येताना हात मागे न्यायचे, त्याच झोकात वळायचं आणि पुढच्याच्या छातीवर सोडायचं. चार-दोन दिवसांत मला जमलं. पुढे गलबतं कमी झाली, कौलं ट्रकने यायला लागली आणि टोळी मोडली. वडील मग मिळेल ते करत राहिले. मी शिकत राहिलो, कारण घरात दुसरं कुणी शिकलेलं नव्हतं आणि शाळेतले मास्तर वडिलांना भेटेल तिथे धरून सांगायचे, याला थांबवू नका.

कोल्हापूरच्या कॉलेजात मी ईबीसीची सवलत घेऊन गेलो. मेसमध्ये काम करायचो, त्यावर जेवण मिळायचं. उंची आजोळची, सहा फूट दोन इंच. त्या उंचीची मला तोवर लाजच वाटायची, कारण कुठलीच पँट पुरत नसे. पहिल्याच आठवड्यात जिमखान्याच्या सरांनी मला व्हरांड्यात अडवलं.

"ए ताडमाडा, हात वर कर."

मी केला.

"दुसरा?"

दुसराही केला. सरांनी खालून वरपर्यंत बघितलं, जसं काही घर भाड्याने घ्यायचंय.

"उद्या सकाळी साडेपाचला ग्राउंडवर ये."

"सर, साडेपाचला मी मेसमध्ये कणीक मळतो."

"मग साडेचारला ये."

आमचं बास्केटबॉलचं ग्राउंड मुरमाचं. बॉल आपटला तर वर येईल की बाजूला पळेल याचा नेम नसे. म्हणून सरांचा खेळ ड्रिबलवर नव्हताच, पासवर होता. बाकीची पोरं चाचपडत होती. माझ्याकडे पहिला बॉल आला, हात आपोआप मागे गेले, मी वळलो आणि पुढच्याच्या छातीवर सोडला. सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "हे कुठं शिकलास रं?" मी म्हटलं, "बंदरावर." त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय.

दुसऱ्या वर्षी मी कॉलेजचा सेंटर झालो, तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या टीममध्ये गेलो. कलर मिळाला, ब्लेझर मिळाला. आमच्या मॅचला आसपासच्या गच्च्या भरायच्या. मी बॉल घेतला की गॅलरीतून "कोकऽऽण" अशी आरोळी उठायची. त्या गॅलरीत बसणारी एक मुलगी पुढे माझी बायको झाली. ती अजून म्हणते, "आरोळी बाकीच्यांनी ठोकली, मी आपली शेंगा खात होते." मी त्या तीन-चार वर्षांत स्टार होतो. आहे ते आहे, लाजायचं कशाला? बी.ए. झालो, अर्थशास्त्र घेऊन, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर.

त्यानंतर मुंबईत एका कारखान्याने टीमसाठी घेतलं, तेही टेम्पररी. दर सहा महिन्यांनी ब्रेक. साहेब बदलले आणि नव्या साहेबांना क्रिकेट आवडत होतं, खेळ खलास. तेवढ्यात आखातात स्टोअरकीपर हवेत अशी जाहिरात आली. इंटरव्ह्यूला एक गोरा साहेब होता. मी दारातून वाकून आत शिरलो तसं त्याने कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, काही खेळतोस का? पाच मिनिटांत मी सिलेक्ट झालो. स्टोअरबद्दल त्याने एक प्रश्न विचारला नाही.

बहरीनमध्ये पहिली नोकरी अस्करला, अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे. दिवसा स्टोअर, शुक्रवारी मॅच. या कंपन्यांच्या मॅच म्हणजे काही लहानसहान मामला नव्हता. प्रत्येक मॅनेजरला आपली टीम जिंकायला हवी असे आणि त्यासाठी माणूस भरती करताना उंची बघितली जाई. माझ्या टीममध्ये दोन केरळी वेल्डर, एक गोव्याचा फोरमन, एक पॅलेस्टिनी सर्व्हेयर, बाकी बहरीनी आणि पाकिस्तानी पोरं. अडचण एकच. सगळे शिफ्टवाले. पाच माणसं एका वेळी मोकळी आहेत असा दिवस उजाडायचाच नाही. कुणी रात्रपाळी करून डोळे चोळत यायचा, कुणी मॅच अर्धी टाकून बस पकडायला पळायचा.

इथे स्टोअर कामी आलं. हातमोजे आणि सेफ्टी शूज घ्यायला प्रत्येक जण माझ्या खिडकीवर यायचाच, त्यामुळे कोण कुठल्या शिफ्टला आहे हे मला तोंडपाठ झालं. मी जोड्या लावायला लागलो. सकाळपाळीचे दोघे दुपारी, दुपारपाळीचे दोघे सकाळी. टीम मिळाली नाही तर नाही, जोडी मिळाली तरी तेवढ्याच दोघांचा सराव. "ए स्टोअर, तू मोजे देतो की लग्नं जुळवतो?" गोव्याचा फोरमन म्हणायचा. दुसऱ्या वर्षी आम्ही कप घेतला.

मी स्वतः किती पाण्यात आहे तेही इथेच कळलं. बंदरात जहाज लागलं की अमेरिकन खलाशी शुक्रवारी खेळायला यायचे. त्यातल्या एकाने, जो माझ्यापेक्षा चार बोटं बुटका होता, पहिल्या पंधरा मिनिटांत माझे तीन शॉट हवेत अडवले आणि वर हसून पाठ थोपटली. कोल्हापूरचा स्टार त्या दुपारी संपला. वाईट वाटलं, पण डोकंही जाग्यावर आलं. उडी मारून मी कुणाला हरवणार नव्हतो. मी जिथे खेळायचो तिथे बाकीचे चौघे बरे खेळायचे, ही माझी खरी कमाई होती, आणि तिला बहरीनमध्ये गिऱ्हाईक होतं.

म्हणून मग मी हिंडलो. अस्करहून मुहर्रकला, विमानतळावर जेवण पुरवणाऱ्या कंपनीत. तिथून हूऱ्यातल्या एका हॉटेलात. दर वेळी नवा व्हिसा, नवी जर्सी आणि कागदावर नवं काम: स्टोअरकीपर, मग लोडिंग सुपरवायझर, मग हॉटेलच्या हेल्थ क्लबचा असिस्टंट. घेतलं मात्र सगळीकडे बास्केटबॉलसाठीच. मी स्वतःला प्रोफेशनल म्हणवून घ्यायचो, पण ते माझं मलाच माहीत. गणपतीत मराठी मंडळी जमायची, तिथे पुण्याचे एक अकाउंटंट मला दर वर्षी विचारायचे, "तुम्ही नक्की करता काय हो?"

"बास्केटबॉल खेळतो."

"हो, ते संध्याकाळी. दिवसा काय करता?"

आजूबाजूचे हसायचे, मीही हसायचो. बायको हसायची नाही. ती तोवर मुलीला घेऊन बहरीनला आली होती आणि हूऱ्यात आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. घरी येताना ती म्हणायची, "पुढच्या वर्षी सांगा त्यांना, दिवसा झोपतो म्हणून."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तेलाचा भाव पडला. हॉटेलं रिकामी दिसायला लागली. माझं वय पस्तिशीच्या पुढे गेलं होतं आणि सिमेंटच्या कोर्टांवर इतकी वर्षं उड्या मारून डावा गुडघा पावसाळी छत्रीसारखा झाला होता, कधी उघडेल आणि कधी मिटेल ते सांगता येत नसे. एक दिवस हॉटेलच्या लेबनानी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं, कॉफी मागवली. कॉफी मागवली तिथेच मी समजलो. टीम बंद. हेल्थ क्लबही बंद. माणूस भला होता, जूनअखेरीपर्यंत व्हिसा रद्द करणार नाही एवढं त्याने कबूल केलं.

दोनच दिवसांनी अस्करचा निरोप आला. माझ्या पहिल्या कंत्राटदाराकडचे पुण्याचे एक इंजिनिअर स्वतः घरी आले. स्टोअरकीपरची जागा रिकामी होती. फॅमिली व्हिसासकट. "आता खेळबिळ नाही," ते म्हणाले, "पण नोकरी पक्की. विचार कसला करताय? असे दिवस आहेत, लोक बॅगा भरून परत चाललेत."

"आठ दिवस द्या."

"आठ दिवस?" त्यांनी चहा खाली ठेवला. "अहो, या जागेसाठी माझ्या टेबलावर अर्जांचा ढीग आहे. बरं, आठ दिवस. तुमच्यासाठी."

आठ दिवस मागायचं कारण होतं. मुहर्रकमधल्या एका क्लबला कोच हवा होता. कंपनी नव्हे, क्लब. वस्तीचा, जुना, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचा. आधीचा कोच युरोपातून आणलेला होता, डिप्लोमावाला, आणि तो हंगामाच्या मध्येच निघून गेला होता. मला आयुष्यात एकदा तरी कागदावर तेच काम हवं होतं जे मी करत होतो. दुसरं काही नको होतं. मी जाऊन सेक्रेटरीला भेटलो. साठीचा माणूस, अंगात पांढरा पायघोळ थोब, हातात तसबीह म्हणजे जपमाळ, तरुणपणी मुंबईत व्यापार केलेला. हिंदी फर्डी बोलायचा, त्यात अरबी मिसळून.

"भाई, कोच वाजिद आया, वाजिद गया," तो म्हणाला. वाजिद म्हणजे पुष्कळ. "सब बोलता है, प्लेयर प्रॅक्टिस में नहीं आता. मैं क्या करूँ? कोई एअरपोर्ट में, कोई कस्टम में, कोई दुकान में. तेरे पास डिप्लोमा है?"

"नहीं."

"क्या है?"

"युनिव्हर्सिटी खेला. दस साल से ज्यादा इधर खेला. शिफ्टवालों के साथ."

त्याने तसबीह थांबवली. "शिफ्टवालों के साथ," तो पुटपुटला. मग सांगितलं: व्हिसा आत्ता मिळणार नाही, कमिटी मानणार नाही. मे महिन्यात स्पर्धा आहे. टीम चालवून दाखव, मग मी कमिटीशी बोलतो. नाही जमलं तर मफी. काही नाही.

म्हणजे एकीकडे पक्कं स्टोअर, दुसरीकडे कच्चा शब्द. आणि जून संपला की विमान. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"स्टोअरवाल्यांना काय सांगितलंत?"

"अजून काही नाही."

"मग सांगा की नाही म्हणून. अर्धं इकडं अर्धं तिकडं करू नका, तुम्हाला जमत नाही ते. आणि हरलात तर कोल्हापूरला जाऊ. माझा भाऊ आहे, शाळा आहेत, काही मरत नाही आपण."

मुलगी दप्तरातून डोकं वर काढून म्हणाली, "बट आय लाइक इट हिअर."

"तू गप्प बस," बायको म्हणाली, "तुझ्या बापाचं त्याच्यासाठीच चाललंय."

इंजिनिअरना मी दुसऱ्या दिवशी नकार कळवला. फोनवर ते म्हणाले, "तुम्ही शिकलेले आहात म्हणून वाटलं होतं." मला राग आला, पण उत्तर द्यायचं नाही हे मी कोर्टावर शिकलो होतो.

पहिल्या दिवशी क्लबात सहाला प्रॅक्टिस ठेवली. तिघे आले. चौथा सव्वासातला आला आणि "यल्ला, यल्ला", म्हणजे "चला, चला", करत एकटाच रिंगवर बॉल मारत सुटला. मी उभं राहून प्रत्येकाला फक्त विचारलं, तुझी ड्यूटी कधी असते? ते चमकले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. आधीच्या कोचने सगळ्यांना सहाची वेळ दिली होती आणि न येणाऱ्यांना दंड.

मी सहाची प्रॅक्टिसच रद्द केली. विमानतळावरचे दोघे लोडर सकाळची पाळी संपवून तीनला सुटायचे, त्यांना साडेतीनला. कस्टममधला गार्ड आणि बँकेतला क्लार्क पाचला, दुकानातले दोघे सकाळी. एक जण बापाच्या भट्टीवर खुबूस, म्हणजे तिकडच्या रोट्या, भाजायचा. दुपारचं भाजणं संपलं आणि संध्याकाळचं सुरू व्हायचं, त्यामधल्या वेळेत तो मोकळा, अगदी रणरणत्या उन्हात. ठीक आहे, मग तेव्हा. बसने हूऱ्याहून मुहर्रकला आणि परत, मी दिवसभर क्लबातच असायचो. गुडघ्याला क्रेप बँडेज आणि डोक्याला ओला पंचा.

सगळ्या जोड्यांना मी एकच गोष्ट शिकवली. बॉल आपटायचा नाही. ड्रिबल बंद. देणाऱ्याकडे बघायचं, हात मागे न्यायचे, वळायचं, सोडायचं. कुणी कुठे उभं राहायचं त्या पाच जागा मी ठरवून दिल्या आणि पाचही जागा प्रत्येकाकडून करून घेतल्या. म्हणजे कुठलेही पाच आले तरी टीम उभी राहणार. पोरं वैतागली. कस्टमवाला गार्ड उत्तम ड्रिबल करायचा आणि त्याचा त्याला माज होता.

"मुदर्रिब," तो म्हणाला. कोचला अरबीत मुदर्रिब म्हणतात, पण त्याने तो शब्द असा उच्चारला जसं काही मी भाजी विकायला आलोय. "ये बास्केटबॉल है या डाकखाना? लो, दो, लो, दो!"

"डाकखाना ही है. तू पोस्टमन है. चल, खत दे."

भट्टीवाला इतका हसला की खालीच बसला. तेव्हापासून टीममध्ये एकमेकांना पोस्टमन म्हणायची पद्धत पडली. गार्ड महिनाभर रुसून होता, पण यायचा.

स्पर्धा सुरू झाली. पहिली मॅच हरलो. सेक्रेटरीची तसबीह जोरात फिरत होती. दुसरी जिंकलो, तिसरी जिंकलो. लोकांनी तोवर आम्हाला कुणात धरलंच नव्हतं. उपांत्य सामना आला तो एका मोठ्या कंपनीच्या टीमशी. त्यांचा सेंटर माझ्याहून उंच, आणि आमची विमानतळाची दोन्ही पोरं शिफ्टवर. तीनला सुटणार होती. पण त्या दिवशी वारा सुटला, वाळूने आभाळ पिवळं झालं, विमानं उशिरा उतरली आणि त्यांना थांबवून घेतलं. पाचची मॅच, पावणेपाच वाजलेले. माझ्याकडे चार जण होते आणि पाचवा भट्टीवाला, ज्याने आजवर मॅचमध्ये जेमतेम थोडा वेळ कोर्ट पाहिलं होतं.

सेक्रेटरी कमिटीच्या दोघांना घेऊन माझ्याजवळ आला. माझं नाव खेळाडूंच्या यादीत होतं, त्याने आधीच घालून ठेवलं होतं.

"तू बूट पहन."

"नहीं."

"पागल है? तू खेलेगा तो जीतेगा."

"आज जीतेगा."

"तो?"

"कल आप बोलेगा, प्लेयर बनके आ जा. फिर कोई बड़ा प्लेयर मिलेगा, तो मेरा खलास. मैं कोच बनने आया है."

सेक्रेटरी कमिटीवाल्यांशी भराभरा अरबीत बोलला. एकाने खांदे उडवले. दुसरा माझ्याकडे असा बघत होता की माझा व्हिसा त्याने तिथल्या तिथे फाडला असता. समोरच्या फळीवर बायको बसली होती. तिला काय चाललंय ते ऐकू जात नव्हतं, पण मी बूट घालत नाही हे तिने बघितलं आणि मान हलवली. होकाराची होती की कपाळ बडवायची, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी भट्टीवाल्याला उजव्या कोपऱ्यात उभं केलं. "तू वहीं रह. खत आएगा, आगे भेज. रिंग खुली दिखे तो मार."

पहिल्या दहा मिनिटांत आम्ही मार खाल्ला. त्यांचा उंच सेंटर रिंगखाली उभा राहून फळं तोडावीत तशी रिबाउंड तोडत होता. पण हळूहळू तो दमायला लागला, कारण आमचा बॉल जमिनीला लागतच नव्हता. त्याच्या अंगावर कुणी धावून येत नव्हतं, फक्त बॉल पळत होता, या हातातून त्या हातात, आणि त्याला दर वेळी वळावं लागत होतं. अर्ध्या वेळाला आम्ही मागे होतो, पण थोडेसेच. गार्डने एकदाही ड्रिबल केला नव्हता. त्याला मी फक्त एवढंच म्हटलं, "शाबास, पोस्टमन." त्याने तोंड फिरवलं, पण हसत होता.

दुसऱ्या अर्ध्यात विमानतळाची पोरं आली. युनिफॉर्मच्या निळ्या पँटवरच जर्सी चढवलेली, केसांत वाळू. मी दोघांना आत घातलं आणि भट्टीवाल्याला काढलं नाही. बँकेच्या क्लार्कला आणि दुकानातल्या एकाला काढलं. क्लार्क चिडला, "मैं शुरू से खेल रहा हूँ!" पण भट्टीवाल्यासमोरचा माणूस त्याला सोडून रिंगखाली गर्दी करायला जात होता, हे मी बघत होतो. या पाच जणांनी एकत्र एकही प्रॅक्टिस केलेली नव्हती, आणि बघणाऱ्याला वाटावं की हे लहानपणापासून शेजारी राहतात. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. बॉल गार्डकडे आला. समोर मोकळी जागा, त्याच्या आवडीची, ड्रिबल मारत घुसावं अशी. त्याने वळून कोपऱ्यात फेकला. भट्टीवाला एकटाच होता. त्याने दोन्ही हातांनी, अगदी अडाण्यासारखा, खालून वर बॉल उडवला आणि तो बोर्डला लागून आत पडला.

त्यानंतर काय गोंधळ झाला ते सांगत बसत नाही. भट्टीवाल्याला लोकांनी खांद्यावर घेतलं आणि तो वरून ओरडत होता की त्याला खाली उतरवा, संध्याकाळचं पीठ मळायचंय.

सेक्रेटरी गर्दी ओसरेपर्यंत माझ्याजवळ बसून होता. मग म्हणाला, "वो दो लड़का कब से प्रॅक्टिस करता है सब के साथ?"

"आज पहली बार."

"पहली बार?"

"सब के साथ तो कोई कभी नहीं आया. आप ही ने बोला था."

तो इतक्या मोठ्याने हसला की कमिटीचे दोघे परत वळून आले. त्याने त्यांना अरबीत सांगितलं, मला त्यातले दोनच शब्द कळले, शिफ्ट आणि मुदर्रिब. ज्याने मघाशी खांदे उडवले होते त्याने हात पुढे केला. दुसऱ्याने विचारलं, पासपोर्ट बरोबर आहे का?

"घर पे है."

"कल सुबह लाना. यल्ला."

फायनल आम्ही हरलो. समोरची टीम आमच्यापेक्षा सरस होती, सरळ हरलो, तक्रार नाही. पण त्या दिवशी माझा पासपोर्ट इमिग्रेशनच्या ऑफिसात होता आणि मला हरण्याचं फक्त हरण्याएवढंच दुःख झालं.

जून संपायच्या आधी व्हिसा बदलून आला. रेसिडेन्स कार्डावर व्यवसायाच्या जागी बास्केटबॉल कोच असं लिहिलं होतं. ऐंशीचं दशक संपेपर्यंत मी त्या क्लबचा कोच होतो. त्या काळात आम्ही ती स्पर्धा दोनदा जिंकलो, माझ्या हाताखालची तीन पोरं देशाच्या टीममध्ये गेली, आणि माझी मुलगी बहरीनमध्येच शाळा संपवून पुढे शिकायला गेली. आमच्या घराण्यातली ती दुसरी पदवीधर.